किरणची खालची ओळ

मी सांगतेय, नात टाइप करतेय.

आमच्या कम्प्युटरात तो चालवायच्या दोन सिस्टीम होत्या. एक सगळ्यांची, दुसरी माझ्या धाकट्या लेकानं, किरणनं टाकलेली. चाकणच्या कारखान्यातली शिफ्ट करून आला की तिच्यातच बसायचा. यंदा तो वारला. कम्प्युटर चालू केला की कोणती उघडू, म्हणून दोन ओळी यायच्या. मला अक्षर येत न्हाई, पण खालची किरणची, एवढं कळायचं.

आज नातीला कॉलेजच्या कामाला कम्प्युटरात जागा पुरेना. किरणच्या सिस्टीममधले फोटो दुसरीकडं उतरवून म्हणाली, "आजी, काकाची सिस्टीम उडवू?"

"उडव."

तिचं बोट अडलं. म्हटलं, "दाब गं, बटन हाय, काकाचा गळा न्हाई."

जागा मोकळी झाली. आता कम्प्युटर काही न विचारता सरळ उघडतो.

तुमच्या घरात गेलेल्याची जागा कुणी मोकळी केली? त्या दिवशी तुम्हाला जेवण गेलं का?