फळ्यांखालचा एमिल

एमिल ब्रांटनर मूळचा धान्याची कोठारं बांधणारा सुतार. आयोवातल्या त्याच्या गावाबाहेर फटफट्यांच्या शर्यतीसाठी लाकडी गोल मैदान उभं राहिलं, तेव्हा तो त्या कामावर गेला आणि पुढे डागडुजीसाठी तिथेच राहिला. वळणावर मैदान भिंतीसारखं चढलेलं. फटफट्यांना ब्रेक नाहीत. त्यांतून फळ्यांवर तेल गळायचं, ऊन-पावसानं फळ्या उकलायच्या. स्वार पडला की मांडीत, पाठीत लांबलचक कुसळं घुसायची. ती काढायचं काम एमिलच्या बायकोचं, ओटिलीचं. रविवारी संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात ही स्वार पोरं पालथी पडलेली असत.

“हळू, काकू! कातडं सोलताय का?” लेस्टर हॅगन ओरडायचा.

“दीडशेच्या वेगानं पळताना नाही दुखत, आणि सुईला रडतोस?”

हा लेस्टर मोठा धीट, पण शर्यतीआधी कुणी फोटो काढायला आलं की टोपी तोंडावर ओढायचा. कुणी भुईमुगाच्या शेंगा खात जवळ आलं, तर त्याला हाकलून द्यायचा. शर्यतीआधीच्या फोटोनं, शेंगांनी घात होतो, हिरवा सदरा घातला तर माणूस परत येत नाही, असं सगळेच स्वार मानायचे. एमिल म्हणायचा, “शेंगांना काय घाबरता? फळ्यांना घाबरा.”

सप्टेंबरच्या मोठ्या शर्यतीला मैदान गच्च भरलं होतं. शर्यत चालू असताना एमिल नेहमीसारखा मैदानाखाली, तुळयांच्या जंगलात हातोडा घेऊन फिरत होता. डोक्यावरून फटफट्या गेल्या की सगळा सांगाडा थरथरायचा. तेवढ्यात वरच्या वळणावर काडकन आवाज झाला. एक फळी तुटून खाली आली आणि भोकातून आभाळ दिसलं.

एमिलनं नवी फळी उचलून भोकात बसवली. पण खिळा ठोकायला उसंतच मिळेना. हात काढला तर फळी खाली येणार. शेवटी तो एका आडव्या तुळईवर चढला, वाकला आणि पाठ फळीला लावून उभा राहिला.

फटफट्या त्याच्या पाठीवरून गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. कानात नुसती घणघण, डोळ्यांत तेल. तो मदतीला ओरडत होता, पण त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता. शर्यत संपल्यावर लोकांनी त्याला खाली उतरवलं, तेव्हा त्याला सरळ होता येईना.

मैदानाचा मालक खूश झाला. “शाब्बास, एमिल! पुढच्या रविवारी असाच तयार राहा.”

“आधी सगळं वळण उखडा, साहेब. आतून कुजलंय.”

“हिवाळ्यात बघू.”

“मग सुतार दुसरा बघा.”

त्या रात्री त्यानं जेवायला आलेल्या पोरांना सगळं सांगितलं. कुणी मान खाली घातली, कुणी हसलं. “आपण नाही गेलो, तर दुसरे टपलेलेच आहेत,” एक जण म्हणाला. लेस्टर सूप ढवळत होता.

“काका, मी तुमच्या पाठीवरून गेलो?”

“कितीदा तरी. वजन वाढलंय तुझं.”

पुढच्या रविवारी लेस्टर शर्यतीत उतरला नाही. लोकांनी त्याला भित्रा म्हटलं. त्या दिवशी वळणाला काहीच झालं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. सोमवारी तो परत नाव द्यायला निघाला होता. ओटिली दारात आडवी उभी राहिली. “मला ढकलून जायचं असेल तर जा.” तो गेला नाही.

महिन्याच्या आत ते वळण फुटलं. परगावचा एक कोवळा स्वार गेला. एमिल आणि लेस्टर दोघंच त्याची शवपेटी गाडीवर घालून स्टेशनापर्यंत घेऊन गेले. घरचे दूर होते, दफन तिकडेच व्हायचं होतं. परतताना लेस्टर रडला. “आपलं खरं ठरलं याचं बरं वाटलं होतं, काका. पहिल्या क्षणाला. काय माणूस आहे मी?”

फळीखालच्या त्या दिवसापासून एमिलला एका कानानं कमी ऐकू यायचं. त्यानं पुन्हा विचारलं, लेस्टरनं पुन्हा सांगितलं. मग एमिल म्हणाला, “उद्या सकाळी ये. कोठाराचं काम घेतलंय.”

लेस्टर आला. त्याचे खिळे वाकडे जायचे आणि पाठ धरल्यापासून एमिलला वाकून ते काढता येत नसत, म्हणून तो लेस्टरलाच काढायला लावायचा.