पितळी झाकणाची चकती

ती चोरी मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं. तेव्हा मी पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. घाटकोपरच्या गॅरेजमधून, दुरुस्तीसाठी गाडीतून काढून ठेवलेला गिअरबॉक्स चोरीला गेला, अशी फिर्याद घेऊन मुलुंडचे एक गृहस्थ आले. मी मनात म्हटलं, गाडी नाही, नुसता गिअरबॉक्स? पण गाडी साधी नव्हती. जुनी परदेशी स्पोर्ट्स कार, इंजिन सीटच्या मागे. अशा गाडीत गिअरबॉक्स आणि मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल एकाच पेटीत असतं. त्याला ट्रान्सअ‍ॅक्सल म्हणतात. ती पेटी आता कुठेच बनत नाही. जगाच्या पाठीवर एखादी निघाली तर शोधून आणायची.

शटरचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली एकाच माणसाकडे, गॅरेजच्या मिस्त्रीकडे. हा मालवणकडचा, पन्नाशीचा, वडील गिरणीत होते. संशय त्याच्यावरच जाणार हे उघड होतं.

आमची अडचण वेगळीच होती. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो. गिअरबॉक्सचा नंबर कोणी लिहीत नाही. पेटी सापडली तरी ती हीच, हे सिद्ध कसं करायचं? म्हणून मी मिस्त्रीला विचारलं, "पेटी तूच उघडली होतीस ना? आत काय बदललंस?"

"काही नाही साहेब. सगळं ओरिजिनल." नजर जमिनीला.

"पुन्हा विचारतो. काय बदललंस?"

"मी चोरूक नाय, साहेब."

मी विचारलं एक, त्याने सांगितलं दुसरंच. चोराच्या मनात चांदणं, असं हवालदारांना म्हणून मी त्याला रोज सकाळी दहाला हजर राहायची ताकीद दिली. आठ दिवस तो ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसून राहिला. गॅरेज बंद पडलं, गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या हलवू लागली. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

नवव्या दिवशी एका खबऱ्याचा फोन आला. हा टेम्पो चालवायचा. "साहेब, अंधेरीचा तो जुन्या पार्टचा दलाल आहे ना, त्याचा एक खोका मुलुंडला टाकायचाय उद्या. वर फॉरेनचे स्टिकर लावलेत, पण पॅकिंग गाळ्यातच केलं, माझ्यासमोर."

मुलुंडचा पत्ता आमच्या फिर्यादींचाच निघाला. त्यांना विचारलं तर ते खूश होते. "तुमच्या तपासाची वाट किती बघू? त्या दलालाने युरोपातून दुसरी पेटी मिळवून दिली."

खोका आम्ही अंधेरीच्या गाळ्यावरच अडवला. पेटीला नवा रंग, कागदपत्रं चोख. दलाल अगदी शांत होता. म्हणाला, "उघडा की साहेब. फक्त आत काही बिघडलं तर अशी दुसरी आणून द्या." आमच्याबरोबर आलेले फिर्यादीही त्याचीच बाजू घेऊ लागले. आणि उघडून मी बघणार तरी काय? आत सगळं ओरिजिनल!

तरी पेटी मी सोडली नाही. ठाण्यात आणून ठेवली. संध्याकाळी मिस्त्रीला केबिनमध्ये बसवलं आणि चहा मागवला.

"हे बघ, ही पेटी गाडीत बसली की पुढची दहा वर्षं तिला कोणी उघडणार नाही. चोरी तुझ्या नावावर राहील. तू काहीतरी लपवतोयस. काय ते आज सांग."

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "सांगितलं तर चोरीतून सुटेन साहेब, पण धंद्यातून जाईन."

"तरी सांग."

आतल्या बेअरिंगमागे एक पातळ चकती लागते, तिला शिम म्हणतात. ती परदेशातून काही केल्या येईना आणि गाडीच्या मालकांची, म्हणजे आमच्या फिर्यादींची, घाई सुरू होती. मालकांची अट मात्र एकच, प्रत्येक पार्ट ओरिजिनल हवा. शेवटी मिस्त्रीने आईच्या पितळी डब्याचं झाकण कापलं, कानशीने घासून घासून चकती बेतली, आणि ओरिजिनल आली म्हणून मालकांना सांगितलं.

"झाकणावर आईचं नाव घातलेलं होतं, साहेब. अर्धं चकतीवर गेलंय. उरलेलं झाकण घरी आहे."

त्याचा जबाब मी आधी लिहून घेतला, सही घेतली, झाकणाचा तुकडा ताब्यात घेतला. दुसऱ्या दिवशी दोन पंच, परक्या गॅरेजचा एक कारागीर, फिर्यादी आणि दलाल, सगळ्यांना समोर उभं केलं. फिर्यादी कुरकुरले तेव्हा सांगितलं, "बिघडलं तर जबाबदारी माझी. लिहून देतो." अंदाज चुकला असता तर माझी वाट लागली असती, हेही खरं.

चकती निघाली. तेल पुसल्यावर भांड्यांवर असतात तशी टिंबाटिंबांची अक्षरं दिसली. हवालदारांनी ती झाकणाच्या तुकड्याला लावली आणि नाव पुरं झालं. मग दलालाने सगळं कबूल केलं. पार्ट दाखवायच्या निमित्ताने तो गॅरेजमध्ये यायचा, तेव्हाच किल्लीचा छाप साबणावर घेतला होता. पेटीला रंग दिला, नंबर घासून दुसरा ठोकला. आत डोकवायची गरज त्याला वाटली नाही.

मिस्त्री सुटला. फिर्यादी त्याला एवढंच म्हणाले, "माझ्याशी खोटं बोललास." गाडी त्यांनी दुसरीकडे नेली. महिन्याभरात तसल्या जुन्या गाड्यांचे बाकीचे मालकही गेले. तो म्हणाला होता तसंच झालं. आता तो रिक्षांचे गिअरबॉक्स करतो.

मी साध्या कपड्यांत त्याची माफी मागायला गेलो. "तुमची काय चूक साहेब, मीच आधी बोलायला हवं होतं," म्हणाला आणि वर मलाच चहा पाजला. मला फार वाईट वाटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याच्या बेतात होतो मी, आणि तेही पूर्ण खात्रीने.

नव्या अधिकाऱ्यांना मी सांगतो, माणूस लपवत असेल तर काय लपवतोय ते आधी शोधा. गुन्हाच लपवतोय असं धरून चालू नका. मला हे फार उशिरा कळलं. नोकरीभर नजर चुकवणारा दिसला की मी त्याला बाकावर बसवत आलो. त्यातले किती जण नुसते लाजत होते, हे आता कोणाला विचारू?