चंद्रावरचं पाणी खारं की गोडं?

रोह्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आणि पेणला रामवाडीत घरी बसले. पण नुसतं बसवेना. त्यामुळे गडबच्या पुढे खाडीकाठच्या एका गावातून फोन आला तेव्हा पुरतं ऐकायच्या आधीच मी हो म्हणून टाकलं. फोन माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा होता. ती तिथे अंगणवाडी सांभाळते. "बाई, आमच्या महिला मंडळाला नव्या शोधांबद्दल सांगा. मोबाइलवर रोज कायबाय बघतात, त्यातलं खरं काय नि खोटं काय, समजत नाय."

चार दिवस खपून मी चित्रं तयार केली. दोन कृष्णविवरांची टक्कर, त्या टकरीने अवकाशात उठलेल्या लहरी, त्या पृथ्वीवर कशा टिपल्या, सगळं. पण फेब्रुवारीच्या दुपारी समाजमंदिरात एवढा उजेड होता की भिंतीवर काही म्हणता काही दिसेना. मी नुसते हातवारे करत बोलत राहिले. पहिल्या रांगेतल्या एकीने जांभई दिली आणि ती रांगभर फिरली.

मी घाईघाईने चंद्रावर आले. "आपलं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं ना, त्याने तिथल्या मातीत तापमापक खुपसला. वर चटका बसेल इतकी गरम माती, आणि वीतभरही खाली जात नाही तोच गोठवणारी थंडी."

"कायतरीच," मागून कुणीतरी म्हणालं. "माती तापली का खालपरत तापते."

मी 'उष्णतावहन' हा शब्द काढणार, एवढ्यात मासे विकणारी एक बाई मागे वळली. "का गो? बर्फाची लादी भुशात ठेवतो ती दुपारपरत टिकते ना? तसाच."

अगदी तसंच होतं. चंद्राची माती पिठासारखी भुसभुशीत, कणांच्या मध्ये हवासुद्धा नाही, म्हणून वरची उष्णता खाली फारशी उतरत नाही. तीस वर्षांत मला हा भुसा सुचला नव्हता. आता सगळ्या सरसावून बसल्या. मी सांगितलं की ध्रुवाजवळ असे खोल खड्डे आहेत जिथे ऊन कधीच पोचत नाही, आणि तिथे बर्फ असल्याच्या खुणा सापडल्या आहेत.

कोपऱ्यातली एक म्हातारी उभी राहिली. सगळा जन्म मिठागरात राबलेली, टाचा मिठाने चिरलेल्या.

"बाई, तो पानी खारा हाय का गोडा?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी म्हणाले, "मावशी, मला ठाऊक नाही. तो बर्फ अजून कुणी हातात घेतलेला नाही."

"मंग तो खड्ड्यात आला कसा?"

"काही पाणी धूमकेतूंबरोबर आलं असेल. पाण्याची वाफ चंद्रावर भटकते आणि जिथे खूप थंडी सापडते तिथे गोठते, असं शास्त्रज्ञांना वाटतं."

मावशी हसल्या. "वाफ होऊन आला? मंग गोडाच असनार. आमच्या मिठागरात पानी उडतो, मीठ काय उडत नाय. तो खालीच बसतो."

टाळ्या पडल्या, त्या मला नव्हत्या. कार्यक्रम संपल्यावर मावशींनी मला हाताला धरून मिठागरात नेलं. उथळ वाफ्यांतलं पाणी उन्हाने आटत होतं आणि कडेला पांढरा थर धरत होता. "हे बगा तुमचा विज्ञान," त्या म्हणाल्या. मी चिमूटभर मीठ उचललं आणि लहान मुलीसारखं चाटलं.

घरी येऊन मी माझ्या एका विद्यार्थ्याला फोन लावला. तो अवकाशविज्ञानात संशोधन करतो. सगळं ऐकून तो म्हणाला, "आजींचा तर्क बरोबर आहे. समुद्रासारखं खारं नसावं. पण त्या बर्फात गंधकाची संयुगं, अमोनिया असलं काही मिसळलेलं असण्याची शक्यता आहे. शुद्ध केल्याशिवाय पिता येणार नाही."

मी लगेच मावशींना कळवलं. "म्हंजे गोडा हाय, पन वास मारतो," त्या म्हणाल्या, आणि फोनवरच आम्ही दोघी पोट धरून हसलो.

महिनाभराने रोह्याच्या एका वाचनालयाने मला बोलावलं. मी मावशींना बरोबर नेलं. नवं लुगडं नेसून त्या पहिल्या खुर्चीत बसल्या. मी भाषणाची सुरुवात त्यांच्या प्रश्नाने केली आणि उत्तर द्यायला त्यांनाच उभं केलं. आधी पदराशी चाळा करत दोन शब्द बोलल्या, मग थांबेचनात. वाफ, मीठ, ऊन, भरतीचं पाणी कधी घ्यायचं, कधी अडवायचं, सगळं निघालं. एका निवृत्त प्राध्यापकांनी वहीत टिपून घेतलं. माझा अर्धा वेळ मावशींनीच खाल्ला आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

परतताना वाटेत खांब गावात चहाला थांबलो. मावशी बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या. काहीतरी ठरवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई, फुडच्या टायमाला आदी मी बोलते. तुमी मागनं समजावून सांगा."