बटण वर आलं तेव्हा

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीबाहेरचं गटार साफ करायला यंत्र आलं, तेव्हा सेक्रेटरी या नात्याने मी नाकाला रुमाल लावून हजर होतो. रुमालाशिवाय उभा होता तो पन्नाशीचा एकच माणूस. आजवर या गटारात तोच उतरायचा. यंत्राचा हात खाली जाऊ लागला तशी त्याची मानही झुकली.

"हे चालवणार कोण, मॅडम?" त्याने यंत्राच्या खुर्चीवर बसून चाचणी घेणाऱ्या इंजिनीअर मुलीला विचारलं.

"ऑपरेटर येईल, काका. बारावी पासची अट आहे."

तो हसला. "माझा बाप आत उतरला, मी उतरलो, तेव्हा कोणी मार्कशीट नाही मागितली. आता बटण वर आलं, तर बारावी पाहिजे?"

मुलगी समोरच्या स्क्रीनकडे वळली. मी बी.कॉम. आहे, पण घरचा मिक्सर बायकोला विचारून लावतो. तेवढ्यात यंत्राचा हात आत अडकला.

"डावीकडे घ्या, तिथे वळण आहे," तो स्क्रीनकडे न बघताच म्हणाला.

हात सुटला. मुलगी खुर्चीवरून उठली. "बसा काका, शिकवते. अटीचं मी ऑफिसात भांडते."

बसण्याआधी त्याने दोन्ही हात शर्टाला नीट पुसले. मी रुमाल खिशात घातला. वास काही कमी झाला नव्हता.