कौलावरचं नाव

कोरियातल्या एका डोंगरावरच्या बौद्ध मंदिराच्या अंगणात काळ्या, जड कौलांची चळत होती. देणगी द्यायची आणि एका कौलावर पांढऱ्या शाईनं नाव लिहायचं. छप्पर दुरुस्त करताना ते वर चढवतात. आईनं बाबांचं नाव लिहिलं, सावकाश, 'कैलासवासी'सकट. मग तिनं विचारलं, "हे दिसेल कुठून?"

मी गाईडला विचारून सांगितलं, "दिसणार नाही. लिहिलेली बाजू आत जाते."

मी खट्टू झाले. आमच्या गावच्या देवळात पंख्याच्या पात्यावरसुद्धा स्मरणार्थ लिहिलेलं असतं. बाबांच्या नावाचा बाक तर मीच भांडून दर्शनी भागात ठेवायला लावला होता.

मान वर केली. पंख पसरल्यासारखं ते अवाढव्य छप्पर. त्याच्या पोटात किती पिढ्यांची नावं असतील, कुणालाच न दिसणारी, एकमेकांना टेकून खालच्यांवरचा पाऊस अडवणारी.

आई वाकून कौलावरच्या ओल्या शाईवर फुंकर घालत होती.

"आत जाते ते बरंच आहे," ती म्हणाली. "त्यांना ऊन सोसायचं नाही."