कंसमामी आणि उण्याचं चिन्ह

मुलं तिला कंसमामी म्हणायची. महिरपी कंस उघडून बंद करायला विसरलेला प्रबंध कोणी टायपिंगला आणला, की ती चारचौघांत झापायची. कॉलेजसमोरच्या तिच्या गाळ्यात एका बाजूला झेरॉक्स मशीन होतं, ते तिची नणंद चालवायची. दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. तिथे ही सतरा वर्षं लोकांची गणितं टाइप करत होती. शिक्षण दहावीपर्यंतच. पण उलटी तिरपी रेघ मारून पुढे कोणती अक्षरं लिहिली की इंटिग्रलची लांब आकडी उमटते, कोणता आकडा खांद्यावर चढवायचा आणि कोणता पायाशी लटकवायचा, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

गणिताच्या सरांनी तिला साडेचारशे पानांचं हस्तलिखित दिलं. नव्वदाव्या पानावर ती अडली. वरच्या ओळीत उणे होतं, खालच्या ओळीत त्याच पदाआधी अधिक. मधे चिन्ह बदलावं असं काहीच घडलेलं नव्हतं. तिने सरांना विचारलं. सरांनी पानाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही बोटं चालवा," ते म्हणाले. "डोकं चालवायला मी आहे."

गाळ्यात चार विद्यार्थी उभे होते. एक हसला. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्या दिवसापासून तिने फक्त बोटं चालवली. पुढे आणखी सहा ठिकाणी तिला शंका आली. सहाही जशीच्या तशी टाइप केली. नणंदेने टोकलं, वहिनी, एकदा सांगून तर बघ. ती म्हणाली, मला डोकं नाहीये.

पुस्तक छापून आलं आणि दोन महिन्यांत कुणीतरी सातही चुका दाखवणारं पत्र धाडलं. सरांनी विभागात सांगितलं, टायपिस्ट अडाणी निघाली. आठवड्याभरात तिच्याकडचे प्रबंध आटले.

तिने गाळ्यातच राहिलेली हस्तलिखिताची पानं उचलली आणि तडक विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली. सर शेजारीच बसले होते. अक्षर सरांचं, अधिकाचं चिन्हही सरांचंच, ठसठशीत. सर म्हणाले, घाईत लिहिलं होतं, समजून घ्यायला हवं होतं. प्रमुख म्हणाले, आता जाऊ द्या. ती पानं घेऊन परत आली. माफी कोणी मागितली नाही आणि कामंही परत आली नाहीत.

मग प्रकाशकाने सुधारलेली आवृत्ती मागितली. सरांनी दुसऱ्या दोन टायपिस्टांकडे फाइल दिली. एकाने पायाचे आकडे खांद्यावर चढवले, दुसऱ्याकडे फाइल उघडलीच नाही. शेवटी सरांची बायको पिशवीत दुरुस्त केलेली पानं घेऊन गाळ्यात आली. स्वभावाने गरीब बाई. खाली बघूनच बोलत होती.

"तुमच्याशी माझं वाकडं नाही," कंसमामी म्हणाली. "पण त्यांना स्वतः यायला सांगा. शेजारी बसून एकेक चिन्ह तोंडाने सांगावं लागेल. मी माझ्या मनाने काही समजून घेणार नाही."

सर आले. तिने प्लॅस्टिकचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. पाणी विचारलं नाही. अकरा दुपारी तो माणूस तिथे बसून म्हणत होता, कंस उघडा, उणे, क्षचा वर्ग, कंस बंद. येणारेजाणारे विद्यार्थी बघत होते. एखादं चिन्ह सांगायचं राहिलं की तिची बोटं थांबायची. ती पडद्याकडे बघत बसायची, आणि चूक सरांना स्वतःच शोधावी लागायची. एकदा त्यांना वीस मिनिटं लागली. त्यांच्या मानेवर घाम आला होता. तिला चूक पहिल्याच मिनिटाला दिसली होती.

अकराव्या दिवशी पेनड्राइव्ह खिशात टाकताना सर म्हणाले, "तुम्हाला कळत होतं सगळं."

"पुढचा कोण आहे?" तिने दाराकडे बघत विचारलं. दारात कोणीच नव्हतं.