बेटावरचं आवळीभोजन

पोहायला मी लग्नाआधीच शिकले होते. पण सासरी ते कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी कधी विचारलंच नाही.

माझं माहेर हट्टा गावचं. मळ्यातल्या विहिरीत वडलांनी माझ्या पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधला आणि दिलं ढकलून. मी नाकातोंडात पाणी जाऊन ओरडत होते आणि ते वरून म्हणत होते, "पाणी पिलीस तर पिलीस, हातपाय हलव!" हलवले. थोड्याच दिवसांत बिंडा सुटला आणि पुढे विहिरीच्या काठावरून उडी मारण्यात मी भावांनाही ऐकत नव्हते.

सासर पडलं कळमनुरीकडे, धरणाच्या पाण्याला लागून. गावाच्या एका अंगाला सागवानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला पाणी. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक काकड्या, टरबुजं लावतात. दिवाळीच्या सुमाराला मात्र धरण काठोकाठ भरलेलं असतं आणि गावासमोरच्या टेकडीचं बेट होतं. त्या बेटावर आवळीची जुनी झाडं आहेत. कार्तिकात गावातल्या बाया तिथं जाऊन आवळीची पूजा करतात आणि तिच्याच सावलीत रांधून जेवतात.

सासूबाई पाण्याला फार भ्यायच्या. मी घरात आल्या आल्या त्यांनी मला बजावलं होतं, "सुनांनी घोट्याच्या वर पाण्यात जायचं न्हाई." मी नवी होते. धुणंसुद्धा काठावर बसून धुवायचे.

माझं ते पहिलंच आवळीभोजन. बेटावर जायला थर्माकोलचे ठोकळे बांबूंना बांधून केलेला तराफा होता. गावाकडच्या काठापासून बेटावरच्या झाडापर्यंत एक दोर ताणलेला असे. तराफ्यावर बसायचं आणि दोर हाताने ओढत पुढे सरकायचं. सकाळी गड्यांनी आम्हाला खेपा करून पोचवलं. शेवटच्या खेपेचा गडी तराफा आमच्यापाशी ठेवून पोहत परतला आणि सगळे सोयाबीन काढायला शेतात निघून गेले.

आम्ही गोवऱ्यांचा जाळ केला. गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचे रोडगे वळून निखाऱ्यांत भाजायला घातले. एकीकडे वांग्याची भाजी, दुसरीकडे वरण. एक जण पळसाची पानं टाचून पत्रावळी करत होती. पाण्यातल्या वाळक्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. सगळं झालं आणि सासूबाईंच्या लक्षात आलं, तूप घरीच राहिलं.

तुपावाचून रोडगे म्हणजे दगड. सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई, त्यांना सगळं गाव मोठीआई म्हणायचं, तडक उठल्या. "मी आणते. दोर तर ओढायचा हाय, त्याला काय गडी लागतो व्हय?" आणि गेल्यासुद्धा.

येताना त्या मध्यावर पोचल्या आणि पलीकडच्या काठाला बांधलेला दोर सुटला. मोठीआईंच्या हातातून तो निसटला, सैल होऊन पाण्यात पडला. वारा होता. तराफा एका अंगाला वळला आणि हळूहळू धरणात बुडालेल्या जुन्या नदीच्या बाजूला, मोठ्या पाण्याकडे सरकायला लागला. मोठीआई दोन्ही हातांनी बांबू धरून बसल्या होत्या.

बाया ओरडायला लागल्या. शेत लांब, गड्यांना कोण ऐकणार? सासूबाई नुसत्या, "देवा रे, देवा रे," करून राहिल्या होत्या.

मी दोर ओढून घेतला. त्याचं एक टोक आवळीला पक्कं होतं, सुटलेलं टोक हातात आलं. ते मी कमरेला बांधलं, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला.

"काहून बांधून राहिलीस ते?" सासूबाईंनी विचारलं.

"जाते, आत्या."

"अगं ए! घोट्याच्या वर—"

पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

पाणी गार होतं. लुगडं पायांत घुटमळत होतं, पण हात सुटले. विहिरीतलं पाणी उभं असतं, इथलं पाणी आडवं ढकलत होतं, तरी दोन-चार हातांतच ते माझ्या ओळखीचं झालं. मला भीती वाटली नाही, हे मी आजही ठामपणे सांगते. तराफा जवळ येत गेला. मोठीआईंचा चेहरा दिसायला लागला आणि अचानक कमरेला हिसका बसला. तोवर तराफा पार लांब वाहत गेला होता आणि दोर संपला होता. तराफा माझ्यापासून चार हात पुढे.

मी मागे वळून ओरडले, "आत्या, दोर सोडा! दोर कमी पडला!"

तिकडे बायांचा गलका उठला. आवळीचा दोर सोडला तर धरणार कोण, आणि काठावर उभं राहून किती पुढे देणार? मी पाणी मारत एका जागी राहिले. मग पाहिलं तर सासूबाईंनी स्वतः गाठ सोडली होती, दोर मनगटाला गुंडाळला होता आणि त्या पाण्यात उतरत होत्या. गुडघा, कंबर, छाती. त्यांच्या मागे एकीचा हात दुसरीने धरत बायांची साखळी झाली होती. सासूबाईंची हनुवटी पाण्याला टेकली, डोळे मिटलेले, आणि हात पुढे ताणलेला.

मला तेवढा दोर पुरला.

तराफ्याला हात लावला तेव्हा मोठीआई म्हणाल्या, "आधी तूप घे. सांडंल."

"तूप राहू द्या, मोठीआई. तुमी हलू नका."

दोराचं टोक मी बांबूला बांधलं आणि हात वर केला. बायांनी ओढलं. मी मागून पाय मारत ढकलत राहिले. काठाला लागल्यावर मोठीआई बरणी पोटाशी धरून उतरल्या आणि मगच रडल्या.

रोडगे एका बाजूने करपले होते. जाळाभोवती ओल्या लुगड्यांनी बसून आम्ही ते फोडले, वरणात कुस्करले, वरून तूप ओतलं. सासूबाईंनी माझ्या पानावर सगळ्यांत जास्त तूप वाढलं. संध्याकाळी गड्यांनी दुसरा दोर लावून आम्हाला गावात आणलं. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तुला पोहता येतं, हे मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमाला येतं का, हे मी तरी कुठं विचारलं?" मी म्हटलं. त्याला येत होतं, पण माझ्याइतकं नाही. ते पुढे सिद्ध झालं.

फाल्गुनात एका दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "मी लग्न होऊन आले तवा इथं गुडघाभर नदी होती," त्या म्हणाल्या. "मग एवढं पाणी आलं, अन् मी त्याला भीत राह्यले. मला शिकवशील का? कुनाला सांगू नको."

पांगारा आमच्या बांधावर होताच. मी बिंडा तासून घेतला. उथळ पाण्यात, बाया नसतील अशा वेळी, आम्ही दोघी जायचो. त्या पाणी प्यायच्या, मला शिव्या द्यायच्या, पुन्हा उतरायच्या. पाऊस लागेस्तोवर बिंडा सुटला. कुणाला सांगू नको म्हणणाऱ्या सासूबाईंनी ते स्वतःच साऱ्या गावाला सांगितलं, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या दारात पोरींची रांग लागली. त्यांच्यामागे त्यांच्या आयाही आल्या.

आज आमच्या गावात पोहता न येणारी पोरगी शोधावी लागते. काही तर माझ्यापेक्षा तरबेज झाल्या आहेत, आणि मला त्याचा अभिमान आहे. गेल्या कार्तिकात बेटावर जाताना गडी मदतीला आले, तर सासूबाईंनी त्यांना काठावरूनच परत पाठवलं. "जा, सोयाबीन काढा. आमचं आमी बघतो."